बाकावरची पाटी आणि घरातली बारा मिनिटं

घरातलं माणूस गेलं की आपण चर्चला बाक देतो, पंखा देतो, त्यावर नावाची पितळी पाटी लावतो. जरूर द्यावं. पण आजोबांचा विश्वास त्या पाटीतून नातवापर्यंत पोचत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास कुठून आला ते नावं घेऊन सांगितलंय: आजी लोईस आणि आई युनीके. म्हणून मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांनी आज सगळ्यात आधी सांभाळायला हवी ती रात्रीची कौटुंबिक प्रार्थना, असं माझं ठाम मत आहे.

अडचणी खऱ्या आहेत. लोकलने घरी पोचेपर्यंत साडेआठ, मुलांचे क्लास, एकच खोली आणि तिच्यातच टीव्ही. म्हणून बाराच मिनिटं धरा, आणि तीही जेवायला बसण्याआधी. जेवल्यावर मुलं पेंगतात आणि मोठे मोबाइल हातात घेतात. एका गीताची दोन कडवी, पंधराएक वचनं, छोटी प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकापासून करा. 16 अध्याय, प्रसंग भराभर पुढे सरकतात, दीड महिन्यात वाचून होतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून निघालेली घरं बहुधा दुसऱ्या पुस्तकात, निर्गमात, निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) मापांपाशी थांबतात आणि मग सगळंच बंद पडतं.

ही सवय मोडते ती वडीलधाऱ्यांच्या लांबलचक प्रार्थनेने. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थनेतून दिलेला ओरडा. 'प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे, ह्याचा मोबाइल सुटू दे.' पोरगं शेजारी डोळे मिटून बसलेलं असतं आणि त्याला बरोब्बर कळतं की हे देवाला नाही, आपल्याला ऐकवणं चाललंय. मग प्रार्थनेची वेळ झाली की त्याला नेमकं बाथरूमला जायचं असतं. मुलाची काळजी देवापुढे एकांतात मांडा. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल आभार माना.

वाचनाचंही तेच. इंग्रजी माध्यमातलं मूल 'पुनरुत्थान', 'पश्चात्ताप' अशा जोडाक्षरांना अडखळतं, कुणीतरी मध्येच टोकतं, आणि दुसऱ्या दिवशी ते वाचायला नाही म्हणतं. त्याला तीनच वचनं द्या, आधी एकदा वाचून बघू द्या, चुका नंतर सांगा. अर्थासाठी इंग्रजी बायबल शेजारी असू दे, पण मोठ्याने वाचायचं ते मराठीच. मराठी सुटली तर आजीच्या तोंडची प्रार्थना त्याला परकी वाटायला लागेल.

जबरदस्ती मात्र नको. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला 1895 साली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 साली, स्वतःला पटल्यावर. कॉलेजातला मुलगा बसत नसेल तर वाद घालू नका. प्रार्थना त्याच वेळी, त्याच खोलीत चालू ठेवा.

आणखी एक काम तातडीचं आहे. गीतांच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात, पण कित्येक जुन्या चाली फक्त म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात उरल्यात. ही पिढी गेली की त्या गेल्या. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पंखा बंद करा, कुकर उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाकून तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. आधी गीताचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव आणि ही चाल कुठे, कुणाकडून शिकली ते बोलून घ्या: नगरची, जालन्याची, की इथल्याच चाळीतली. पेटी नको, तिच्याखाली आवाजातले बारकावे दबतात. सगळी कडवी गाऊन घ्या, कारण तिसऱ्या-चौथ्या कडव्यात आजी चाल थोडी वळवते आणि तेच पुस्तकात सापडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या घरी ठेवा. नाताळात करू म्हणून थांबू नका. त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि आजीचा घसा बसलेला असतो.