मारुती 800 चा गिअरबॉक्स: ‘दोन तास, एक जॅक’ या दाव्याचा प्रतिवाद

जुन्या मारुती 800 बाळगणाऱ्यांमध्ये एक दावा सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा की गॅरेजवाले गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी उगाच घेतात. गाडीतला जॅक आणि चार पाने असले की हे काम एकटा माणूस घरी दोन तासांत करतो, तेल काढावे लागत नाही, आणि बसवताना गिअरबॉक्स पूर्ण आत गेला नाही तर बोल्ट आवळून तो ओढून घ्यावा. चालू क्लचला हात लावू नये आणि शेवटी तेल अंदाजाने ओतावे, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते.

यातला एक भाग खरा आहे. 1983 ते 2014 या काळात बनलेल्या या गाडीत 796 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आडवे बसवलेले आहे, त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एकाच कवचात आहेत, आणि इंजिन जागेवर ठेवून हे कवच खालून बाहेर काढता येते. घरी हे काम होते, यात वाद नाही. वाद आहे तो सांगितलेल्या रीतीशी.

‘एक जॅक पुरतो’ हे विधान त्यात सर्वांत घातक आहे. डिकीतला स्क्रू जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्या भरवशावर सुमारे 650 किलोच्या गाडीखाली शिरू नये, कारण घट्ट बोल्टला हिसका बसला की गाडी हलते आणि जॅक कलंडतो. सपाट, टणक जमिनीवर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून पुढचा भाग दोन घोड्यांवर, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी स्टँडवर, टेकवलाच पाहिजे, आणि तोही गिअरबॉक्स बंपरखालून सरकून बाहेर येईल इतका उंच. विटांचा थर हा घोड्याला पर्याय नाही, कारण वीट आधी न वाकता एकदम फुटते. शिवाय गिअरबॉक्सकडचे माउंटिंग (इंजिनाला बॉडीशी धरून ठेवणारा आधार) सोडले की इंजिनाचा त्या बाजूचा आधारच जातो. इंजिन खाली लोंबून रेडिएटरचे होज आणि सायलेन्सरचा पाइप ताणले जाऊ नयेत, म्हणून ऑइल चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली) जाड फळी देऊन एक जॅक तिथे ठेवावा लागतो, आणि गिअरबॉक्स पेलण्यासाठी दुसरा, चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक लागतो. म्हणजे दोन जॅक, दोन घोडे आणि हाताशी दुसरा माणूस, ही किमान तयारी झाली.

तेल न काढण्याचा सल्ला कसा टिकतो, हे कळत नाही. चाक फिरवणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, डिफरन्शियलमधून निघताच त्याच भोकातून तेल वाहू लागते, आणि ते नेमके खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर. तेल काढताना मात्र भरण्याचा नट आधी सैल करून पाहावा. तोच गंजून अडकलेला असेल, तर रिकामा केलेला गिअरबॉक्स पुन्हा भरायचा कसा, हा प्रश्न उरतो. अ‍ॅक्सल शाफ्टला धरून ओढणेही चूक आहे, कारण त्याने आतला जॉइंट सुटू शकतो. पहार जॉइंटच्या कवचाजवळ टेकवून तो उचकटावा.

बॅटरीचा उल्लेख या दाव्यात नाहीच. स्टार्टरची जाड वायर थेट बॅटरीतून येते आणि तिच्या वाटेत फ्यूज नसतो, त्यामुळे निगेटिव्ह केबल आधी काढली नाही तर पाना बॉडीला टेकताच मोठी ठिणगी उडते.

आता बोल्टने ओढून घेण्याविषयी. गिअरबॉक्स आत जात नाही याची कारणे बहुधा दोनच असतात: क्लचप्लेट मध्यावर बसलेली नाही, किंवा गिअरबॉक्समधून निघून क्लचप्लेटमध्ये शिरणाऱ्या इनपुट शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांशी जुळलेले नाहीत. अशा वेळी बोल्ट आवळले तर अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा बोल्ट बसणारा कान तुटतो किंवा प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि गाडी सुरू झाल्यावर क्लच सुटतच नाही. क्लचप्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळण्याआधी डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टच्या मापाच्या दांड्याने) क्लचप्लेट मध्यावर आणावी, गिअरबॉक्सचे वजन जॅकवरच राहू द्यावे आणि क्रँक पुलीचा नट पान्याने थोडा फिरवून दाते जुळवावेत. दोन्ही तोंडे हाताच्या जोराने सर्व बाजूंनी टेकली की मगच बोल्ट लावायचे. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लटकत ठेवून चहाला जाणे, हे तर प्लेट वाकवण्याचे हमखास साधन आहे.

‘चालू क्लचला हात लावू नका’ ही पुस्ती काटकसरीची वाटते, पण गिअरबॉक्स खाली असतानाच क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) आणि क्रँकचे मागचे ऑइल सील तपासता येते. नंतर त्यासाठी हेच सगळे काम पुन्हा करावे लागते. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी ‘अंदाजाने तेल ओता’ असे सांगितले आहे. पुढचा भाग उचललेला असताना पातळी चुकीची दिसते. गाडी चारही चाकांवर सपाट उभी करून भरण्याच्या भोकातून तेल झिरपू लागेपर्यंत भरावे आणि मग नट लावावा.