डिकीत राहिलेली बॅग

सकाळपासून आमच्या घरच्या ग्रुपवर जे चाललंय ते वाचून हात थरथरतायत. तिथे लिहिलं तर नको ते लिहून बसेन, म्हणून इथे लिहितेय.

भाचीनं काल रात्री कळवलं की परीक्षा संपली की ती आणि तिची मैत्रीण महिनाभर लिफ्ट मागत फिरणार आहेत. तिकीट नाही, बुकिंग नाही. पुठ्ठ्यावर पुढच्या गावाचं नाव लिहायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. केवढ्या आनंदानं लिहिलं होतं पोरीनं! सकाळी उठून बघते तर मेसेजचा ढीग. त्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं की बाई गं, कुठून कुठे जाणार आहेस. दुपारी तर एका ज्येष्ठ नातेवाइकांनी पिप्पा बाकाची बातमी टाकली, फोटोसकट, आणि खाली लिहिलं, "मग असं होतं."

तिथे माझं डोकं फिरलं.

पिप्पा बाका ही इटालियन कलावंत. मार्च २००८ मध्ये ती आणि तिची एक सहकारी लग्नाचा पांढरा पोशाख घालून मिलानहून निघाल्या. लिफ्ट मागत जेरुसलेमपर्यंत पोचायचं होतं. युद्धानं पोळलेल्या मुलखातून अनोळखी माणसांच्या भरवशावर जायचं, हीच त्यांची कलाकृती होती. तुर्कस्तानात गेब्झेजवळ लिफ्ट देणाऱ्या माणसानंच तिच्यावर अत्याचार करून तिला मारून टाकलं. तेहतीस वर्षांची होती. गुन्हा त्या माणसाचा होता, शिक्षाही त्यालाच झाली. आणि तिचा हसरा फोटो आपण आज एका विशीतल्या मुलीला गप्प करायला वापरतो? काही वाटत नाही का हो?

आता जे मी घरात कधीच सांगितलं नाही ते सांगते. आई वाचत असेल तर वाचू दे.

मी एकवीस वर्षांची होते. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं खोटं सांगून भटकायला गेले होते आणि परतीची शेवटची बस चुकली. हायवेला येऊन हात केला. पहिली थांबली ती स्वच्छ, मोठी कार. चालवणारा गृहस्थ नीटनेटका, बोलायला मऊ. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बसवलेली. ती खुर्ची बघूनच मी निर्धास्त झाले. बॅग डिकीत ठेवूया म्हणाला, ठेवली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, घरी माहीत आहे का, कुणी घ्यायला येणार आहे का. मी खरं ते सांगितलं. नाही. मग गाडी हायवे सोडून आत वळली. "शॉर्टकट आहे," म्हणाला.

मला उलटी होतेय असं मी ओरडून सांगितलं. वाटेत एक पेट्रोल पंप लागला, तिथे त्यानं वेग कमी केला, आणि मी दार उघडून उजेडाकडे पळाले. तो मिनिटभर थांबला आणि निघून गेला. बॅग डिकीतच राहिली.

पंपावर एक ट्रक उभा होता. ट्रकवाल्यांबद्दल लहानपणापासून जे जे ऐकलं होतं ते सगळं एका क्षणात आठवलं. पण पंपावरचा पोरगा म्हणाला, "जा ताई, मी ओळखतो यांना." मी चढले.

ही एकच रात्र, आणि त्यातल्या कुठल्या माणसाला मी प्रवासाचं नाव देऊ? ग्रुपवरच्या सगळ्यांना कारवालाच दिसतो. लिफ्ट मागणाऱ्या मुलांना म्हणे फक्त ट्रकवालाच दिसतो. दोघेही अर्धंच बघतात.

धोका आहे. मुलींना जास्त आहे. मान्य. पण जोडीनं गेलं की सुरक्षित, हेही कुणी मनात धरू नये. ऑस्ट्रेलियात बेलांग्लोच्या जंगलात सात तरुण प्रवाशांचे मृतदेह सापडले होते. लिफ्टच्या निमित्तानं गाडीत घेऊन मारलेले. त्यात मुलगेही होते, जोडीनं निघालेलेही होते. १९९६ मध्ये त्या खुन्याला जन्मठेप झाली, कारण त्याच्या गाडीतून एक इंग्रज तरुण वाचला होता आणि त्यानं त्याला ओळखलं. १९९० मध्ये तो उडी मारून हायवेवर पळत सुटला, मागून गोळी झाडली गेली, आणि समोरून येणारी गाडी थांबवून एका अनोळखी बाईनं त्याला आत घेतलं. या गोष्टीतला खुनी सगळ्यांच्या लक्षात राहतो. ती बाई कुणाच्या लक्षात का राहत नाही? तीही रस्त्यावर भेटलेली परकीच होती ना?

आणि ज्यांना पर्यायच नाही त्यांचं काय? कॅनडात १६ नंबरचा हायवे आहे, प्रिन्स जॉर्जपासून प्रिन्स रूपर्टपर्यंत, ७०० किलोमीटरहून लांब. त्याला अश्रूंचा हायवे म्हणतात. कित्येक आदिवासी बायका आणि मुली त्या पट्ट्यात नाहीशा झाल्या, मारल्या गेल्या. वस्त्या दूरदूर आणि बस जेमतेम, म्हणून बायका लिफ्टसाठी अंगठा दाखवून उभ्या राहायच्या. २००६ च्या अहवालात मागणी झाली की बस सुरू करा. ती २०१७ मध्ये सुरू झाली. अकरा वर्षं! "कशाला बसायचं परक्याच्या गाडीत?" हा प्रश्न त्यांना विचारून बघा.

बरं, लिफ्ट मागणं म्हणजे नुसता वेडेपणा, हेही खरं नाही. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीत लिफ्ट मागणाऱ्यांसाठी रीतसर कूपनांची पुस्तिका निघायची. ड्रायव्हरला कूपन फाडून द्यायचं, त्यातून ड्रायव्हरना बक्षिसं मिळायची. क्यूबात १९९० नंतर सोव्हिएत संघ कोसळला, इंधन मिळेना, तेव्हा पिवळ्या कपड्यांतले सरकारी कर्मचारी नाक्यानाक्यावर उभे राहून सरकारी गाड्या थांबवायचे आणि रिकाम्या जागी वाट बघणाऱ्यांना बसवायचे. सरकारी गाडीनं रिकामी सीट घेऊन जाणं तिथे चालायचं नाही. मला हे फार आवडतं.

पुन्हा त्या ट्रकवर येते, कारण खरी भीती मला तिथे वाटली. ड्रायव्हर सज्जन होता. पण तो आदल्या रात्रीपासून जागा होता. तासाभरानं त्याची मान कलली आणि ट्रक कडेच्या दगडांवर गेला. खडखडाटानं तो दचकून सरळ झाला. माझ्या सीटला पट्टा नव्हता. त्या कारवाल्यापेक्षा हा भला माणूस मला मारून टाकण्याची शक्यता त्या क्षणी जास्त होती, आणि हे कुणी कधी सांगत नाही. खुनी माणसाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, पेंगणाऱ्या ड्रायव्हरची एकही नसते. लिफ्ट घेतली की त्याची झोप, त्याची दारू, त्याचे झिजलेले टायर, सगळं आपलं होतं.

मग मी बोलत सुटले. शाळा, परीक्षा, जे सुचेल ते. हळूहळू तोही बोलायला लागला. पहाटेच्या सुमाराला त्यानं मला त्याच्या मुलीबद्दल एक गोष्ट सांगितली. म्हणाला, हे बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, इथेही सांगणार नाही. आपण पुन्हा भेटणार नाही हे ठाऊक असलं की माणूस केवढं मोकळं बोलतो! कुठल्याही तिकिटावर हे मिळत नाही. उतरताना पैसे विचारले तर त्यानं मान हलवली आणि गेला. मी रस्त्यावर उभी राहून रडले. अजूनही हे लिहिताना डोळे भरतायत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ग्रुपवरच्या माणसांना ती पोर प्रिय आहे, हे मलाही कळतं.

पण एक गोष्ट मला कळायला इतकी वर्षं लागली. त्या रात्री मी त्या कारवाल्याला "कुणालाही माहीत नाही" असं सांगितलं ते खरं होतं म्हणून. आणि ते खरं होतं कारण घरी सांगायची सोय नव्हती. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मुली जायच्या थांबत नाहीत हो, सांगायच्या थांबतात.

म्हणून मी तिला वेगळा मेसेज केलाय. हायवेवर मधेच उभी राहू नकोस, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदाही असतं. पंपावर जा, तिथे ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलता येतं, तोंडाला वास येतोय का, डोळे तारवटलेत का ते दिसतं. आपण कुठे चाललो ते आधी सांगायचं नाही, तो कुठे चाललाय ते आधी विचारायचं. आवडलं नाही तर "आमचा रस्ता वेगळा" म्हणून बाजूला होता येतं. दाराचं हँडल आतून चालतं का ते बघ. पट्टा नसेल तर बसू नकोस. अंधार पडायच्या आत थांबा. अंगठा सगळीकडे दाखवू नकोस, इराणमध्ये ती शिवी समजतात. बॅग मांडीवर. डिकीत कधीही नाही.

आणि गाडीत बसायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो मला पाठवायचा, ड्रायव्हरला दिसेल असा काढून. रात्री दोन वाजता असला तरी.

तिचं उत्तर आत्ता आलं. "मावशी, तुझी बॅग परत मिळाली का गं?"

नाही मिळाली. वही होती त्यात.