व्हिडिओ नाही, तर मासा नाही

आज सकाळी आमच्या ऑनलाइन कार्प स्पर्धेचा निकाल लागला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आज लिहू नका, उद्या लिहा, असं घरातून दोनदा सांगून झालंय. पण मी स्वतःला ओळखतो. उद्यापर्यंत राग निवेल आणि मी नेहमीसारखं 'सर्व विजेत्यांचे हार्दिक अभिनंदन' टाकून गप्प बसेन. म्हणून आत्ताच.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्हा गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींच्या स्पर्धा हल्ली मोबाईलवर होतात. कुणी उजनीला बसतो, कुणी पवनेला, कुणी मुळशीच्या बॅकवॉटरला, कुणी पैसे भरून खासगी तळ्यावर. भल्या पहाटे ग्रुपवर त्या दिवसाचा कोड येतो. तो कागदावर लिहायचा. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प), कार्पच्या जातकुळीतलं जे काही गळाला लागेल ते मोजपट्टीच्या फळीवर आडवं ठेवायचं, तोंड शून्याला टेकवायचं, शेजारी कोडचा कागद, आणि फोटो. मग मासा पाण्यात परत सोडतानाचा सलग व्हिडिओ. वजन नाही, नुसते सेंटिमीटर. कल्पना मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. म्हणून तर फी भरली. माझी आणि आणखी एकाची.

तो आणखी एक म्हणजे मामांचा नातू. माझे मामा नव्हेत, त्या काठावर सगळेच त्यांना मामा म्हणतात. धरणाचं नाव लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे गाड्या आणि स्पीकर पोचतील. पिढीजात मासेमारीचं घर, मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद. मी कॉलेजात असल्यापासून त्यांच्या काठावर बसतोय. कधी पाणी किती उतरलंय ते फोनवर सांगतात, कधी भाकरी देतात, बहुतेक वेळा माझ्या सामानाकडे बघून हसतात. सामान हसण्यासारखंच आहे म्हणा. मासा ओढला की पीं-पीं करणारा अलार्म, दोन रॉड ठेवायचं स्टँड, हेअर रिग, म्हणजे आमिष गळाला न टोचता बारीक दोऱ्याने लोंबतं ठेवायची जोडणी, कसल्या कसल्या वासाच्या बॉइली, म्हणजे उकडून घट्ट केलेल्या आमिषाच्या गोळ्या. त्या दिवशी अलार्म एकदाही वाजला नाही.

नातवाकडे माझा जुना रॉड होता. आमिष त्याने स्वतः मळलं होतं, शेंगपेंड, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणि चिमूटभर हिंग. मोरपिसाची काडी पाण्यावर उभी. ऊन चढायला लागलं तशी ती काडी एकाएकी वर आली आणि आडवी पडली. पोरगा एक क्षण थांबला आणि मग झटका दिला. पुढे बराच वेळ नुसता रिळाचा आवाज. वर आला तो कटला. मोठं डोकं, वरच्या बाजूला वळलेलं तोंड, ते तोंड उघडतंय मिटतंय. कुणी सांगितलं नव्हतं, पण पोराने आधी हात भिजवले, मग फळीवर पाणी ओतलं, मगच मासा ठेवला. कोरड्या हाताने धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, हे आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला इंग्रजीत समजावून सांगावं लागतं. कोड लिहिला होता जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला. ८८ सेंटिमीटर. मी फोटो काढला आणि म्हणालो, चल आता पाण्यात, व्हिडिओ घेतो.

पोराने आज्याकडे बघितलं. मामा म्हणाले, "पान्यात सोडायचा व्हता तर त्याला उगा वर कशाला बोलावला?"

मासा वाडीत गेला. थोडा घरात शिजला, बाकीचा विकला गेला. कितीला ते मी विचारलं नाही, माझा मासा नव्हता. मी फोटो जसाच्या तसा पाठवला आणि खाली लिहिलं की व्हिडिओ नाही, मासा सोडलेला नाही, तो खाल्ला जाणार आहे. लपवाछपवी काही नाही.

आज निकालाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे करड्या रंगात 'अपात्र : मत्स्यसंवर्धन नियमाचा भंग'. इथपर्यंत ठीक होतं. नियम आधी छापला होता, तो मी वाचला होता, त्यावर माझी तक्रार नाही. माझं टाळकं सटकलं ते खालच्या कमेंटमुळे. एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, "असल्या लोकांमुळेच धरणांतले मासे संपले." त्यावर अठरा लाइक. त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे, दोन तर माझ्याच बिल्डिंगमधले.

असल्या लोकांमुळे?

अहो, तो कटला तिथे आला कुठून ते तरी विचारा. कटला, रोहू, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या दख्खनच्या धरणांत ते बीज सोडूनच आलेले आहेत. आणि साठलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत, त्यांना पावसाळ्याचं चढतं, वाहतं पाणी लागतं. म्हणून तर १९५७ च्या १० जुलैला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात या माशांना पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन वीण करून दाखवली, त्याचं एवढं अप्रूप. आजही तो दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा म्हणून पाळतात. आता हॅचरीत मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, तयार होतात, त्यांची बोटभर वाढलेली बोटुकली होते, ती बोटुकली विकत आणून मामांसारख्या लोकांच्या सोसायट्या धरणात सोडतात. पदरचे पैसे घालून. म्हणजे ज्वारी पेरली मामांनी, राखण केली मामांनी, आणि कणीस खुडलं म्हणून पर्यावरणाचा गुन्हा दाखल केला बांधावर फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांनी!

पुरात वरच्या ओढ्यांकडे चढून काही मोठे मासे विणतही असतील, नाही म्हणत नाही. पण तेवढ्यावर संवर्धनाचा झेंडा रोवू नका.

आता पहिला नंबर बघा. नाव घेत नाही, माणूस चांगला आहे, मला दोनदा लिफ्ट दिलीय. ८१ सेंटिमीटरचा सायप्रिनस, खासगी तळ्यातला. फोटो मोठा करून बघा एकदा. ओठाचा उजवा कोपरा फाटून भरलेला, त्याच्या शेजारी नवं भोक. हा मासा किती वेळा वर आला असेल कोण जाणे! तळ्याच्या मालकाचा धंदाच तो, एकच मासा पुन्हा पुन्हा विकायचा. आणि मासा ठेवलाय कुठे, तर तापलेल्या खडीवर, फळी नंतर आली असणार, कारण अंगाला बारीक खडे चिकटलेत. मग ड्रोनचा शॉट. मग मांडीवर घेऊन शॉट. मग ओठाजवळ नेऊन पापा घेतल्यासारखा शॉट. मग सोडला. व्हिडिओ सुंदर आहे, संगीतही लावलंय. मासा तिरका तिरका गेला, ते व्हिडिओतच दिसतंय. खाली कमेंट, "रिस्पेक्ट द फिश."

ज्या मुलाने हात भिजवून मासा धरला तो अपात्र आणि हे रिस्पेक्ट!

बरं, हे नियम आपण ज्या युरोपकडे बघून छापले, तिथे तरी काय एकमत आहे? इंग्लंडमध्ये कार्प सोडतात, मान्य, हेअर रिगही तिथूनच आली. पण झेक आणि पोलिश घरांत नाताळच्या ताटात हाच कार्प असतो. स्वित्झर्लंडमध्ये तर परत सोडून द्यायच्याच इराद्याने मासा पकडायला बंदी आहे, कारण नुसत्या मौजेसाठी जिवाला त्रास देऊ नये. आणि ऑस्ट्रेलियात काही राज्यांत पकडलेला कार्प जिवंत परत सोडणं हाच गुन्हा, कारण तिथे तो उपरा मासा आहे आणि त्याने नद्यांचा चिखल केलाय. सायप्रिनस आपल्याकडेही उपराच. म्हणजे आपण परदेशी मासा, परदेशी नियमाने, देशी पाण्यात परत सोडतोय आणि त्याला संवर्धन म्हणतोय.

(मध्ये उठून जेवून आलो. मेथीची भाजी होती, मासा नव्हता, विनोद करू नका.)

जेवताना जरा शांत झालो. ॲडमिनबद्दल दोन शब्द चांगले लिहायला हवेत. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, स्पर्धेच्या दिवसांत रात्र रात्र जागून फोटो तपासतो. लोक काय काय करतात! गेल्या वर्षीचा फोटो पाठवतात, एकच मासा दोन भावांच्या नावाने पाठवतात, फळीच्या आकड्यांवर दुसरी पट्टी चिकटवतात. व्हिडिओचा नियम त्यातूनच आला, एक मासा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. हे त्याने मला सकाळी फोनवर सांगितलं आणि मला पटलंही. मग तसंच लिही ना बाबा! 'पुरावा अपुरा' लिही. 'व्हिडिओ नाही' लिही. 'संवर्धनाचा भंग' हा शिक्का कशाला? यावर तो म्हणाला, "काका, नियम सगळ्यांना सारखा."

सारखा कसा? तुम्ही-आम्ही मासा सोडून घरी येतो तेव्हा फ्रीजमध्ये काहीतरी असतं. बक्षीस समारंभ कुठे आहे वाचलंत का? एका मालवणी थाळीच्या हॉटेलात. सुरमई थाळी, सोलकढी अनलिमिटेड. त्या सुरमईला परत सोडल्याचा व्हिडिओ कुणी मागितला नाही.

हे मी ॲडमिनला बोललो तर तो हसला. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाहीये रे.

सोडण्याला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. मी स्वतः सोडतो. मला मासा विकून घर चालवायचं नाही, मग का मारू? आणि खडस असेल तर कुणीच ठेवू नये, मी सुद्धा नाही, मामा सुद्धा नाही. खडस, म्हणजे महासीर, हा आपला. कुणी बोटुकली आणून सोडायच्या आधीपासून इथल्या नद्यांत असलेला. कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने १८३९ साली जगाला त्याची शास्त्रीय ओळख करून दिली ती पुण्याच्याच मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्याच मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना आपण गाडीची काच वर करतो. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटा पॉवरवाले कितीतरी वर्षं महासीरची पिल्लं वाढवून सोडतायत, देहूच्या डोहात लोक माशांना श्रद्धेने खायला घालतात. ह्याला संवर्धन म्हणा.

आणि मामा? एकदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या जाळ्यात खडस आला होता. हातभर. मी काठावरच होतो. पोट टम्म, गाभोळीने भरलेलं. त्यांनी जाळ्याचा एकेक आस त्याच्या कल्ल्यावरून बोटाने सोडवला, इतका सावकाश की मला वाटलं जाळं वाचवतायत. मग पाण्यात दोन्ही तळव्यांवर धरून ठेवला, त्याचं त्याने शेपूट हलवेपर्यंत. "ह्यो नगं. ह्यो कमी झालाय," एवढंच बोलले. फोटो नाही, कोड नाही. तेव्हा माझ्याकडे कॅमेऱ्याचा मोबाईलसुद्धा नव्हता.

त्या माणसाच्या घराला तुम्ही 'असल्या लोकांमुळे' म्हणता.

लगेच कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार की सगळे गावकरी मामांसारखे नसतात. नसतात. बारीक आसाचं जाळं लावून बोटुकली उपसणारे आहेत, ब्लीचिंग पावडर टाकून अख्खा डोह मारणारे आहेत, जिलेटीन उडवणारेही आहेत. त्यांना धरा, मी येतो बरोबर. पण त्यांच्यावर राग काढायला गळाने एक कटला धरून खाल्लेला पोरगा कशाला लागतो? तो सोपा आहे म्हणून? आपल्या फ्लॅटचं सांडपाणी नदीत कसं जातं यावर त्या ग्रुपवर कधी पोस्ट पडलीय? पडली तर ॲडमिन 'विषयांतर' म्हणून काढून टाकतो, मी टाकून बघितलीय.

माझं म्हणणं फार मोठं नाही. खडस सगळ्यांनी सोडायचा, त्यात माफी नाही. ज्या धरणात ज्यांच्या सोसायटीने बीज सोडलंय, त्यांचा कटला-रोहू त्यांना नेऊ द्या, फोटो पुरे, तोच मासा पुन्हा येऊ नये म्हणून हवं तर शेपटीचा कोपरा कापल्याचा फोटो मागा. आणि सोडणाऱ्यांसाठी मासा पाण्याबाहेर किती वेळ होता हे मोजा ना! व्हिडिओ सलग हवाच आहे ना तुम्हाला, मग फळीपासूनच सलग मागा. ड्रोनवाल्यांची पळापळ होईल, होऊ दे.

हे मी ॲडमिनला दुपारी लिहून पाठवलंय. 'विचार करू काका' आणि एक हात जोडलेली इमोजी आली. विचार करतील असं वाटत नाही, पण पोरगा सरळ आहे, कदाचित करेलही.

ती कमेंट मात्र काढा. आजच काढा. मामांचा नातू त्याच ग्रुपवर आहे, मीच त्याला ॲड केलं होतं आणि त्याला मराठी उत्तम वाचता येतं. सकाळी त्याने मला त्या कमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक अक्षर नाही.

दिवाळीनंतरच्या फेरीत मी नाही. माझी फी राहू द्या, सुरमईत वळती करा. त्याची मात्र परत पाठवा, नंबर ॲडमिनकडे आहे, जीपे चालेल.