फक्त गाडी पाठवा, बाकी बघू

हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या शहरात ट्रकने माल पाठवायचा म्हटलं की काही लोक उगाच धास्तावतात. मोजमापं घेतात, याद्या करतात, कागद वाचतात. एवढा उपद्व्याप कोणी सांगितलाय? माल पोहोचवणं ट्रान्सपोर्टवाल्याचं काम. तुमचं काम भाडं पाडून घ्यायचं. एवढं मन लावून केलंत की पुढचं सगळं आपसूक घडत जातं.

सुरुवात फोनवर करा. वजन किती, असं विचारलं की "फार नाही" म्हणा. किती नग? "असतील दहा-पंधरा." खोक्यांची मापं विचारणारा माणूस चिकित्सक आहे असं समजून फोन ठेवून द्या. मापांच्या नादी लागलात तर नको ते कळतं. भाडं फक्त वजनाचं नसतं, अडवलेल्या जागेचंही असतं. युरोपात रस्त्यावरच्या मालवाहतुकीत एक घनमीटर जागा म्हणजे 333 किलो, असा हिशेब सर्रास धरतात. मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच खोका उशांनी भरलात, काट्यावर तो 40 किलो भरला, तरी बिलात त्याचे 333 होतात. हे आधी समजलं तर उशांतली हवा काढून खोका निम्मा करायची दुर्बुद्धी सुचेल. त्यापेक्षा बिल हातात आल्यावर "हा तर उघड उघड दरोडा" म्हणण्यात वेगळंच समाधान आहे.

दर तिघांकडून मागवा. दोघांचे जवळपास सारखे येतील, तिसऱ्याचा त्यांच्या निम्मा. पहिले दोघे लुटारू आणि तिसरा सज्जन, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्या सज्जनाकडे स्वतःचा ट्रक आहे का, हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तो तुमचं काम एका दलालाला देईल, तो दलाल दुसऱ्याला, आणि प्रत्येक जण मधला वाटा काढून उरलेलं पुढे सरकवेल. शेवटी जो गाडीमालक मिळेल त्याच्या हाती जेवढं येईल त्यात डिझेल सुटलं तरी पुष्कळ. असा माणूस तुमच्या मालावर किती जीव लावेल याची कल्पना करा आणि निश्चिंत व्हा. जाताना जो दर लागला तोच परतीला लागला पाहिजे, असाही आग्रह धरा. एका शहरातून माल भरभरून निघतो आणि दुसऱ्यातून गाड्या रिकाम्या परततात, त्यामुळे दोन दिशांचे दर वेगळे असतात, असलं काही ऐकून घेऊ नका. रस्ता तोच आहे ना?

आता पॅकिंग. इथे कसब लागतं.

खोके जुनेच घ्या, शक्यतो एकदा भिजून वाळलेले. पुठ्ठ्यात ओल शिरली की त्याची ताकद निघून जाते, पण बाहेरून तो तसाच रुबाबदार दिसतो. खोका पाऊण भरा आणि वरची जागा मोकळी सोडा, म्हणजे वर दुसरा खोका ठेवला की तो अलगद आत बसेल. खोके रचताना विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडून रचा. दिसायला फार भक्कम दिसतं. खोक्याचा भार मुख्यतः त्याच्या चार कोपऱ्यांवर तोलला जातो, म्हणून कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ रचावेत, असं गोदामातली जुनी माणसं सांगतात. सांगू देत.

काचेचा पेला, छत्री आणि वर जाणारे दोन बाण या चिन्हांसाठी आयएसओ 780 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती चिन्हं सगळ्या खोक्यांवर लावा, चादरींच्या खोक्यावरसुद्धा. सगळंच नाजूक ठरलं की हमालाला कुठलंच नाजूक वाटत नाही आणि त्याचं काम सोपं होतं. बाणाचं लेबल खोक्याच्या झाकणावर, अगदी मधोमध चिकटवा. तो बाण आता ड्रायव्हरच्या केबिनकडे दाखवतो. पत्ता एकाच बाजूला, बॉलपेनने, चिकटपट्टीच्या शिवणीवर लिहा. पार्ट लोडचा, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीतून जाणारा माल वाटेत दोन-तीन गोदामांत उतरतो, वर्गवारी होऊन पुन्हा दुसऱ्या गाडीत चढतो. तिथे फाटक्या पत्त्याचा खोका हातात घेऊन उभा राहिलेला माणूस तुमच्याबद्दल काय बोलतो, ते तुम्हाला ऐकू येणार नाही.

बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती, करताना "किरकोळ सामान, 1 नग" एवढंच लिहून घ्या. किंमत विचारली तर नाममात्र सांगा, विम्याचा हप्ता वाचतो. खोक्यात थिनरचा डबा किंवा लिथियम बॅटऱ्या असतील तर त्याची वाच्यता नको. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात थिनरसारखे ज्वालाग्राही द्रव वर्ग 3 मध्ये आणि लिथियम बॅटऱ्या वर्ग 9 मध्ये, म्हणजे धोकादायक मालात मोडतात. त्यांना वेगळी लेबलं, वेगळे कागद, वेगळा दर. एवढं सगळं टाळून ड्रायव्हरच्या पाठीमागे सहा हातांवर तो खोका गुपचूप ठेवता येत असेल, तर कोण सोडेल? त्याला कळेलच की कधीतरी, हायवेवर रात्री.

गाडी दारात आली की भरायची घाई करा. पट्टे आवळायला, लाकडी ठोकळे लावायला वेळ गेला तर "अहो, एवढा जड माल हलतोय कुठे" म्हणा. माल बांधण्याच्या नियमांत पुढच्या बाजूला वजनाच्या 0.8 पट आणि दोन्ही कडांना निम्म्या वजनाइतका जोर सोसेल अशी बांधणी धरतात. युरोप आणि अमेरिका, दोन्हीकडे हेच आकडे. म्हणजे 10 टन माल करकचून ब्रेक लागल्यावर 8 टनांच्या जोराने केबिनकडे निघू शकतो. पण केबिनमध्ये तुम्ही बसणार आहात का? ताडपत्रीला भोक असेल तर त्याकडेही बघू नका. आभाळ निरभ्र आहे आणि दोन शहरांच्या मध्ये पाऊस पडत नसतो.

थोडा जास्तीचा माल उरला तर तोही टाका वर. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी घेतली होती. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान साधारण 16 पट होतं, हा ठोकताळा त्यातून आला. रस्ता मात्र तुमच्या नावावर नाही, त्यामुळे हा आकडा सोडून दिलात तरी चालेल. पुढे त्याच खड्ड्यात तुमचा आरसा फुटला तर सरकारला शिव्या द्यायची सोय आहेच.

गाडी निघाली की खरं काम सुरू होतं. मोबाईलच्या नकाशावर अंतर टाका. कारने बावीस तास दाखवतोय ना, मग ट्रकला चोवीस खूप झाले. युरोपात ड्रायव्हरने एरवी दिवसाला 9 तासच गाडी चालवायची, साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबायचं, आणि हे टॅकोग्राफ नावाचं यंत्र नोंदत असतं. अमेरिकेत 11 तासांची मर्यादा. भारतात 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास घालून दिले होते. दीड हजार किलोमीटर, सरासरी ताशी 50 धरली तर 30 तास नुसतं चाक फिरायला हवं. भागाकार तुम्ही करू नका, तुम्ही फोन करा. दर तासाला करा, रात्री दोनलाही करा. "कुठे आहेस?" याचं उत्तर द्यायला तो एक हात स्टिअरिंगवरून काढेल, तेवढीच त्याची झोप उडेल. तो जेवायला थांबला असं कळलं तर आवाज चढवा. डबा काय, केबिनमध्येही खाता येतो.

तिकडे माल घेणाऱ्याला काही कळवू नका, त्याला आश्चर्य वाटलं पाहिजे. त्याचा नंबर म्हणून तुमचाच द्या आणि तुम्ही मीटिंगमध्ये असा. गल्ली अरुंद आहे, वर वायरी लोंबताहेत, मशीन उतरवायला फोर्कलिफ्ट लागेल, ही माहिती ड्रायव्हरला गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्यावर आपोआप मिळते. तो दिवसभर खोळंबला आणि थांबण्याचे पैसे मागू लागला, तर माणसं किती लोभी झालीत यावर दोन शब्द बोला.

आणि पोहोच पावती. ड्रायव्हर ती पुढे करेल तेव्हा खोका चेपलेला असेल, एका कोपऱ्यातून काहीतरी खुळखुळत असेल. तुमच्या माणसाला सांगून ठेवा, "माल सुस्थितीत मिळाला" याखाली झोकदार सही ठोकायची. चेपलेपणाचा शेरा मारला, फोटो काढला, तर पुढच्या भांडणात मजा उरत नाही. खोका महिन्याने उघडा. अनेक युरोपीय देश पाळतात त्या 1956 च्या सीएमआर करारात, म्हणजे रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या करारात, वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत करायला सांगितलंय, रविवार आणि सुट्ट्या वगळून. महिना म्हणजे तुम्ही अगदी आरामात बाहेर.

तरीही दावा ठोकाच. त्याच करारात 1978 च्या दुरुस्तीनंतर भरपाईची मर्यादा किलोमागे 8.33 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. दोन किलोच्या लॅपटॉपचे 16.66 एसडीआर, मग तो कितीही महागडा असो. जास्त हवे असतील तर किंमत आधीच जाहीर करून वरचे पैसे भरायचे असतात, आणि पॅकिंगच कच्चं निघालं तर वाहतूकदार हात झटकू शकतो. पण अर्ज भरताना कशाला हात आखडता घ्यायचा? किरकोळ सामानाच्या त्या 1 नगात आता दोन लॅपटॉप, आजोबांच्या काळातलं घड्याळ, एक मायक्रोस्कोप आणि काचेचं झुंबर होतं, असं लिहून काढा. झुंबराच्या दिव्यांची संख्याही लिहा, तपशील असला की दावा खरा वाटतो.