दोन हेड

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आपणहून भाजी आणायला निघाला की बापाने सावध व्हावं. आमचे चिरंजीव त्या संध्याकाळी फडके रोडवरून मेथी, कोथिंबीर आणि कुणी न सांगता आजीच्या गुडघ्याचं तेल घेऊन आले. नुसते आले नाहीत, कोथिंबीर निवडायला बसले. हिने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे पाहिलं. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला होता.

‘‘दोन राहिलेत,’’ तो म्हणाला. फ्रीजमध्ये दोन लाडू राहिलेत असं सांगावं, तसं.

एक होतं गणित, म्हणजे एम थ्री. मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेलेल्या घरांत हे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. लाप्लास, फुरिए असे परदेशी पाहुणे त्यात सहा महिने मुक्कामाला असतात. पेपर 80चा होता, पास व्हायला 32 हवे होते, आणि चिरंजीवांना 27. दुसरा विषय डिजिटल लॉजिक, त्यात 29. आजीने ‘‘सत्तावीस म्हणजे बरे आहेत की रे!’’ म्हणून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कितीपैकी ते तिला सांगायचं नाही, असं स्वयंपाकघरात ठरलं.

‘‘त्याला काही बोलू नका. हल्लीची मुलं हळवी असतात,’’ असंही तिथेच ठरलं. मी गप्प बसलो. हळवं मूल मात्र रात्री पोळीचा तुकडा मोडत मला समजावू लागलं.

‘‘बाबा, खरं तर माझी चूक काय झाली सांगू? एकच विषय गेला असता तर मी सुटलो असतो.’’

‘‘हे मलाही कळतं रे.’’

‘‘तसं नाही. एकाच हेडमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं अशा एकाच भागात, थोडक्यात गेलेला असला तर कंडोनेशन, म्हणजे माफी मिळते. विद्यापीठाचा नियम आहे, ऑर्डिनन्स 5045. पाच मार्क त्यांनीच घातले असते. दोन हेड गेले म्हणून एकातही मिळाले नाहीत.’’

मी घास गिळला. लाप्लासची व्याख्या विचारली तर हा मुलगा पंख्याकडे बघतो. पण ऑर्डिनन्स म्हटलं की त्याच्या जिभेवर सरस्वती. निकालाच्या गॅझेटखाली बारीक अक्षरात जी खुणांची यादी असते ती त्याला पाठ. नावाला तिरकी रेघ असली की मुलगी. मार्कांपुढे भोपळ्यासारखं गोल ‘ॲट द रेट’ आलं की 5042चे ग्रेस. चांदणी म्हणजे 5045. आणि तो चौकटीचा हॅश म्हणजे 229, ते एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आणि तत्सम कामांचे दहा मार्क.

‘‘मग एनएसएस का नाही घेतलंस?’’

‘‘रविवारी सकाळी बोलावतात, बाबा.’’

यावर काय बोलणार? पुढे त्याने मला सगळा नकाशा काढून दाखवला, पेपर नॅपकिनवर. पहिल्या वर्षाचं सगळं सुटलंय, तेव्हा तिसऱ्या वर्षाला अडचण नाही. दुसऱ्या वर्षाचं जे राहील ते चौथ्याच्या दारात अडवेल, तोवर सुटायला वाव आहे. दरम्यान एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय काखेत मारून पुढच्या वर्गात. इतकं चोख नियोजन आमच्या ऑफिसात कुणी केलं असतं तर त्याला बढती दिली असती. एम थ्रीच्या पेपरआधी हाच मेंदू कुठे होता, हे विचारायचं मी त्या हळवेपणापायी टाळलं.

त्यातच बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, विषय निघाला. कॅम्पसला कंपन्या येतात तेव्हा लाईव्ह बॅकलॉग नसावा अशी अट असते, सुटून गेलेला डेड असेल तर पुष्कळांना चालतो. ‘‘म्हणजे आत्ता जिवंत आहेत ते दोन्ही मेले पाहिजेत,’’ असं मी म्हणालो आणि देवापाशी वात लावणाऱ्या आईने तिथूनच दटावलं, ‘‘दिवा लावलाय, काय भलतंसलतं बोलतोस!’’

मग कॉलेजातून पालकांना बोलावणं आलं. विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर आम्ही बाप लोक रांगेत उभे होतो. सगळे ऑफिसमधून हाफ डे टाकून आलेले, गळ्यातली आयकार्डं शर्टाच्या खिशात दडवलेली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पुढचे एक गृहस्थ भिंतीवरचा बॉयलरचा तक्ता इतका मन लावून वाचत होते की त्यांना तोंडी परीक्षेला बसवलं असतं तर पास झाले असते. आत गेलो तर समोर माझ्या पुतण्याच्या वयाचे सर. ‘‘तुमचं लक्ष नाही,’’ म्हणाले. मी ‘‘हो सर’’ म्हणालो. शेजारी उभा असलेला मुलगा मान खाली घालून खुदकन हसला, तेवढ्यात मी हमीपत्रावर सही केली. पाल्याच्या प्रगतीकडे मी जातीने लक्ष देईन, असं त्यात लिहिलेलं होतं. पाल्यानेही सही करावी, अशी तरतूद त्या कागदावर नव्हती.

शेवटची आशा फोटोकॉपीची. 2017 साली विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या, निकालांचा बोजवारा उडाला आणि कुलगुरूंना पदावरून काढण्यात आलं. ते घर बसल्या पाहिलेल्या पिढीच्या धाकट्या भावंडांची एक श्रद्धा आहे: आपण नापास होत नाही, स्कॅनिंगमध्ये काहीतरी होतं. तेव्हा पैसे भरले आणि उत्तरपत्रिकेची प्रत आली.

पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले कुठलेही तीन. चिरंजीवांनी दुसऱ्या प्रश्नात मूळ प्रश्नच सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता, खाली ‘उत्तर’ असं लिहून दोन रेघा मारलेल्या, आणि मग दीड पान पांढरं. परीक्षकाने त्यालाही चार मार्क दिले होते. देवमाणूस. मी मार्कांची बेरीज करायला घेतली. माझं आयुष्य बँकेत बेरजा जुळवण्यात गेलंय. नऊ, चार, आठ, सहा. वरून खाली केली, खालून वर केली, कॅल्क्युलेटरवर केली. सत्तावीस. बेरीज जुळल्याचं दुःख आयुष्यात पहिल्यांदा झालं.

तरी हिच्या आग्रहाखातर रीव्हॅल, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, टाकलाच. निकाल: बदल नाही. ‘‘तो चार मार्कवाला आता बघतील अशी मला भीती होती, बाबा,’’ चिरंजीव नंतर म्हणाले. म्हणजे कमी होतील याची त्याला कल्पना होती आणि फॉर्म भरताना तो काहीच बोलला नव्हता. हिशोब कळतो मुलाला, यात वाद नाही.

परवा ऑफिसात डबा खाताना शेजारच्या टेबलावरचे आमचे एक सहकारी अगदीच मूक होते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘मुलीचा निकाल लागला. बीएस्सीला आहे. गेला एक विषय.’’

‘‘एकच?’’ मी पोळी खाली ठेवली. ‘‘कितीने?’’

‘‘चाळीस लागतात, सदतीस आहेत.’’

‘‘बाकीचे सगळे हेड सुटले?’’

‘‘हेड?’’

‘‘अहो, मग 5045 लागायला हवा होता! गॅझेट बघितलंत का? चांदणी आहे का मार्कांपुढे?’’

त्यांनी लगबगीने मोबाईल काढला. मी चष्मा लावला. बघता बघता ऑडिटमधले दोघं खुर्च्या ओढून जवळ आले. त्यातल्या एकाच्या मुलाचे चार हेड गेले होते. त्यांना म्हटलं, तुम्ही आधी जेवून घ्या.