कार्लटनमध्ये पॉलिएव्ह 91 उमेदवारांमुळे हरले का?

कॅनडात 28 एप्रिल 2025 रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पॉलिएव्ह हे ओटावा शहराच्या कडेला असलेल्या कार्लटन या उपनगरी आणि काहीशा ग्रामीण मतदारसंघात लिबरल पक्षाच्या ब्रूस फॅनजॉय यांच्याकडून पराभूत झाले. तेव्हापासून एक मजकूर हातोहात फिरत आहे आणि आपल्या मराठी गटांतही तो पोचला आहे. त्यात चार दावे आहेत: एक, मतपत्रिकेवर 91 उमेदवार उभे करून पॉलिएव्ह यांची मते फोडण्यात आली, दोन, हे अपक्ष लिबरल पक्षानेच उभे केले होते, तीन, मतमोजणी पहाटेपर्यंत लांबवून निकाल फिरवला गेला, आणि चार, त्यांना पाडण्यासाठी मतदारसंघाच्या सीमाच बदलण्यात आल्या.

मतविभागणीचा दावा आपल्याला चटकन पटतो, कारण तसे घडलेले आपण पाहिले आहे. रायगडमध्ये 2014 साली सुनील तटकरे दोन हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि त्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांहून अधिक मते घेतली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. तेथे मते फुटली असे म्हणण्यास आकड्यांचा आधार होता. कार्लटनमध्ये तो नाही. फॅनजॉय यांना जवळपास 51 टक्के मते मिळाली, पॉलिएव्ह यांना सुमारे 46 टक्के, आणि उरलेल्या 89 उमेदवारांना सगळी मिळून चार टक्क्यांहूनही कमी. विजयी उमेदवाराने एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते घेतली असतील, तर इतर सर्वांची मते एकत्र करून दुसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराच्या पदरात टाकली तरी निकाल बदलू शकत नाही. शिवाय या 89 जणांत डाव्या विचारांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवारही होता, आणि त्या पक्षाची मते पॉलिएव्ह यांच्याकडे वळली असती असे त्यांचे कट्टर समर्थकही म्हणणार नाहीत.

मते हलली, पण ती वेगळ्या दिशेने. कार्लटनमध्ये 2021 साली पॉलिएव्ह यांना जवळपास 50 टक्के, लिबरल उमेदवाराला सुमारे 34 टक्के आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला 11 टक्क्यांच्या वर मते होती. चार वर्षांनी पॉलिएव्ह यांच्या टक्केवारीत चारेक टक्क्यांची घट झाली. मात्र न्यू डेमोक्रॅटिक पक्ष जवळजवळ पुसला गेला आणि विरोधातील मते एकाच उमेदवाराच्या मागे उभी राहिली. ट्रम्प यांची आयातशुल्के आणि कॅनडाला अमेरिकेचे 51 वे राज्य करण्याची भाषा, पंतप्रधानपदी ट्रुडो यांच्या जागी त्यांच्याच लिबरल पक्षाच्या मार्क कार्नी यांचे येणे, ही देशभरची कारणे येथेही होतीच. त्यात ओटावा हे केंद्र सरकारच्या नोकरदारांचे शहर असल्यामुळे नोकरशाही आटोपशीर करण्याचे आश्वासन आणि 2022 मध्ये कोविड लसीच्या सक्तीविरोधात राजधानीची कोंडी करणाऱ्या ट्रकचालकांच्या आंदोलनाला पॉलिएव्ह यांनी दिलेला पाठिंबा, या दोन गोष्टी इथल्या घराघरांत बोलल्या गेल्या. फॅनजॉय हे 2023 पासून दारोदार फिरत होते. मतदान 80 टक्क्यांच्या वर गेले, देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक. लांब मतपत्रिकेने लोक कंटाळून घरी बसले, अशी पुरवणीही काही जण जोडतात. तिचे उत्तर याच आकड्यात आहे.

दुसऱ्या दाव्याबाबत. हे अपक्ष उभे करणारा गट पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला विजयी ठरवणाऱ्या निवडणूक पद्धतीचा निषेध म्हणून मतपत्रिका लांबवतो, आणि ही पद्धत बदलण्याचे 2015 मधील आश्वासन मोडले होते ते ट्रुडो यांच्या लिबरल पक्षानेच. जून 2024 मध्ये टोरोंटो–सेंट पॉल्सच्या पोटनिवडणुकीत मतपत्रिकेवर 84 नावे होती. लिबरलांचा तो बालेकिल्ला काही शे मतांच्या फरकाने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉन्ट्रियलच्या लासाल–एमार–व्हर्डन येथे 91 उमेदवार होते. ती जागाही लिबरलांनी गमावली, केबेक प्रांतातील ब्लॉक केबेक्वा या पक्षाकडे. लिबरल पक्षाने हे घडवून आणले असेल, तर त्याने आधी स्वतःच्याच दोन जागांवर त्याचा प्रयोग करून दोन्ही घालवल्या, असे मानावे लागेल.

मोजणीला उशीर झाला, हे खरे आहे. जवळपास एक मीटर लांबीची मतपत्रिका उलगडून पाहायला वेळ लागणारच, आणि म्हणूनच निवडणूक आयोगाने कार्लटनमधील आगाऊ मतदानाची मोजणी मतदान संपण्याच्या काही तास आधी सुरू करण्याची व्यवस्था केली होती. मोजणीच्या वेळी उमेदवारांचे प्रतिनिधी उपस्थित राहू शकतात. फरक वैध मतांच्या एक हजारांशाहून कमी असेल, तर न्यायालयीन फेरमोजणी आपोआप होते. येथे ती मर्यादा शंभर मतांच्याही आत येते, आणि प्रत्यक्ष फरक होता साडेचार हजारांच्या आसपास.

सीमा बदलल्या, पण त्या देशभर बदलल्या. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रत्येक प्रांतात तीन सदस्यांचा स्वतंत्र आयोग हे काम करतो, आणि 2021 ची मते नव्या सीमांवर मांडून पाहिली तरी कार्लटन कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडेच राहत होते.

लांब मतपत्रिकेविषयीची तक्रार मात्र पोकळ नाही. अधू दृष्टीच्या मतदारांना आणि मतदान केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना तिचा खरोखरच त्रास होतो. एकच मतदार कितीही उमेदवारांच्या अर्जावर सही करू शकत असल्याने शंभर सह्यांची अट नावापुरतीच उरते. कायदा बदलावा, ही पॉलिएव्ह यांची मागणी मला या मर्यादेत रास्त वाटते. परंतु 18 ऑगस्ट 2025 रोजी अल्बर्टातील बॅटल रिव्हर–क्रोफूट येथून ते पोटनिवडणूक लढले, तेव्हा उमेदवार 91 नव्हे, 214 होते. इतकी नावे छापणे अशक्य झाल्याने कोरी मतपत्रिका देण्यात आली आणि मतदारांना नाव स्वतःच्या हाताने लिहावे लागले. शुद्धलेखन चुकले तरी हेतू स्पष्ट असल्यास मत ग्राह्य होते, जी सवलत या आडनावासाठी आवश्यकच होती. पॉलिएव्ह यांना तेथे सुमारे 80 टक्के मते मिळाली.