डोंगर का पाणी, युटा व्हर्जन

"तिकीट काढून एका पंचविशीतल्या पोरीच्या मागे मागे चालायचं? याला ट्रेक म्हणता तुम्ही?" हे आमचे बाबा. वय ६७, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला माणूस, सध्या मुक्काम डेन्व्हर, आमच्याकडे. ऑक्टोबरमध्ये आम्ही सगळे, म्हणजे मी, नवरा, दोन मुलं (९ आणि ६) आणि बाबा, गाडी काढून सहा तासांवरच्या युटामधल्या मोॲब गावाला गेलो आणि आर्चेस नॅशनल पार्कमधल्या फायरी फर्नेसची रेंजरबरोबरची, म्हणजे पार्कच्याच गाईडबरोबरची (तीच ती पंचविशीतली पोरगी), टूर केली. तेव्हापासून इथल्या मराठी ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, "मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? आणि गाईडचे पैसे कशाला द्यायचे, आपलं आपण नाही का जाता येत?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नाव. फायरी फर्नेस म्हणजे धगधगती भट्टी, पण आत बऱ्यापैकी गार असतं. संध्याकाळच्या उन्हात हे लाल कडे पेटल्यासारखे दिसतात म्हणून ते नाव. आत उंचच उंच दगडी भिंती, त्यांच्या मधल्या फटी, फटीला अजून फट, आणि आखलेली अशी वाटच नाही. फोनचं जीपीएस भिंतींमध्ये गोंधळतं. त्यामुळे एकतर परमिट काढून स्वतःच्या जबाबदारीवर जायचं किंवा रेंजरबरोबर. नवऱ्याचं मत परमिट, माझं मत रेंजर, मुलांची आई मी असल्यामुळे विषय संपला.

पाच वर्षांखालच्या मुलांना टूरला घेत नाहीत, यावर ग्रुपवर लोक जाम चिडतात, "मग कसलं फॅमिली फ्रेंडली?" अहो, तिथे काही ठिकाणी एका भिंतीला हात आणि दुसऱ्या भिंतीला पाय लावून सरकायचं असतं, पाठीवर बाळ बांधलेलं असेल तर तुम्ही मधेच अडकणार बुचासारखे. फॅमिली फ्रेंडली म्हणजे स्ट्रोलर जाईल असा सपाट रस्ता, हे आपल्या डोक्यातून काढायला हवं. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला जमलं, उलट तिलाच सगळ्यात सोपं गेलं, बुटकी आहे म्हणून. सुरुवातीलाच रेंजरने प्रत्येकाचे बूट आणि पाणी बघितलं. बाबांनी बाटली अशी वर धरून दाखवली, शाळेत नखं दाखवतात तशी, चेहरा अर्थातच फुगलेला.

आता खरी गोष्ट. या वाळवंटात जमिनीवर जागोजागी काळपट, खडबडीत खपली दिसते. मी आधीच्या ट्रिपला ती बघितली होती आणि खुशाल तुडवलीही होती, कबूल करते. ती खपली जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्मजीव, दगडफूल, शेवाळ यांची मिळून बनलेली. त्यातले बारीक तंतू वाळूचे कण धरून ठेवतात, म्हणून वाऱ्यापावसाने जमीन वाहून जात नाही, शिवाय हवेतला नायट्रोजन मातीत आणून रोपांना खाऊ घालतात. एक पाऊल पडलं की खेळ खलास, भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, कधी कधी काही दशकं. म्हणून नियम असा की पाय एकतर खडकावर, नाहीतर पाणी वाहून गेलेल्या मोकळ्या वाळूत. रेंजरने हे सांगितल्यावर माझा मुलगा ओरडला, "आई, डोंगर का पाणी!" आणि झालं. पुढचे अडीच तास दोन्ही मुलं डोंगर का पाणी खेळत चालली, आजोबांचा पाय जरा इकडेतिकडे गेला की "आजोबा आउट!" एकदाही "अजून किती लांब आहे" ऐकलं नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना याची किंमत कळेल.

मग एका खळग्यात पाणी लागलं. बाबा लगेच, "अगं, हे तर आपले निघोजचे रांजणखळगे!" (तिथे कुकडी नदी आणि काळा बेसॉल्ट, इथे लाल वाळूचा दगड आणि पावसाचं साचलेलं पाणी, पण बाबांना आपलं काहीतरी सापडलं ना, मी कशाला मधे बोलू.) या डबक्यांमध्ये फेअरी श्रिम्प नावाचे चिमुकले जीव असतात, डबकं आटलं की ते मरतात पण त्यांची अंडी सुक्या धुळीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाऊस आला की फुटतात. मुलीला हात घालायचा होता, तर रेंजर म्हणाली तुझ्या हाताला सनस्क्रीन आहे ना, ते त्यांच्या अख्ख्या गावच्या पाण्यात जाईल. मी हेच दहा वेळा ओरडून सांगितलं असतं तरी तिने हात घातलाच असता.

भिंती कशा झाल्या तेही रेंजरने भारी सांगितलं. खाली मिठाचा प्रचंड थर, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी समुद्र पुन्हा पुन्हा आटून साचलेला. वरून खडकांचं ओझं आलं की मीठ कणकेसारखं सरकतं, फुगतं, वरचा खडक समांतर रेषांत तडकतो. तड्यांत पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं, फटी रुंदावतात, मधे भिंती उरतात, भिंतीला आरपार भोक पडलं की झाली कमान. अशा २००० हून जास्त कमानी या पार्कात आहेत. आणि त्या पडतातही, २००८ मध्ये वॉल आर्च नावाची कमान एका रात्रीत कोसळली. त्यानंतर मुलगा प्रत्येक कमानीखालून पळत जायला लागला.

मागे एका दुसऱ्या प्रसिद्ध कॅनियनमध्ये आम्ही बरेच पैसे मोजून खाजगी टूर केली होती. तिथला गाईड फोन घेऊन "इथे उभे राहा, वर बघा, नेक्स्ट" एवढंच करत होता, फोटो झकास आले, आठवत मात्र काही नाही. तेव्हा गाईड असला म्हणजे भागलं असं मी म्हणत नाहीये. वाट दाखवायला एखादा बाणही पुरतो, थांबवायला माणूस लागतो.

आणि आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते. इथल्यासारखी मोजकीच माणसं आत सोडायची, हे आपल्याकडे का नको? हरिहर गडाच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी काय चेंगराचेंगरी असते ते बघितलंय मी. सांदण दरीत साम्रद गावची पोरं वाट दाखवतात, त्यांना दगडन्‌दगड माहीत असतो, पण आपण त्यांच्याशी पैशांवरून घासाघीस करतो आणि आत गेल्यावर स्पीकर लावतो. इथे फायरी फर्नेसमध्ये मधे एकदा रेंजरने सगळ्यांना खाली बसवून दोन मिनिटं गप्प राहायला सांगितलं. बाबांनी "जय भवानी"साठी छाती भरून घेतलीच होती, मी गुडघा दाबला. मग डोक्यावरून एक डोमकावळा गेला आणि त्याच्या पंखांचा आवाज, नुसत्या पंखांचा, दोन्ही भिंतींमधून ऐकू आला. बाबांनी ती छातीतली हवा हळूच सोडली.

उतारावर बाबांचा गुडघा जरा कुरकुरला. नातीला म्हणाले, "बूड टेकव, बूड टेकवून ये," आणि स्वतःही तसेच घसरत आले. त्यांचं बघून मागचे आठ-दहा गोरे लोक एकामागोमाग बुडावर घसरत खाली. रेंजरने बाबांना विचारलं हे तुम्ही कुठे शिकलात, तर त्यांनी नळीच्या वाटेचं जे पुराण लावलं ते पार्किंगपर्यंत पुरलं. ती पोरगी खरंच प्रश्न विचारत होती, माझं इंग्रजी भाषांतर कमी पडत होतं.

कामाचं: टूर फक्त सीझनमध्ये असते, तिकीट ऑनलाइन आणि भराभर संपतात, त्यामुळे आधी तिकीट मग हॉटेल. आत टॉयलेट नाही, मुलांना आधी नेऊन आणा, ही गोष्ट मी विसरले होते आणि त्यावर जास्त बोलणार नाही. उन्हाळ्यात जाऊ नका, पारा चाळिशीला टेकतो. तिकीट नाहीच मिळालं तर जवळच सँड ड्यून आर्च आहे, रस्त्यापासून दहा मिनिटांवर, दोन भिंतींमध्ये गार सावलीत मऊ लाल वाळू. आमच्या गाडीतून ती अजून निघतेय.